गार्ड दाराशी, किल्ली त्याच्याच खिशात

सिस्टिम ॲडमिनला नारळ द्यायचा तर तो कसा द्यावा, याविषयी आपल्या कंपन्यांत एक मत इतके रुळले आहे की त्यावर आता कोणी वादही घालत नाही. त्याला कुणकुण लागण्याआधी त्याचे सगळे ॲक्सेस बंद करा. मग मीटिंगला बोलवा, शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी. पाच-दहा मिनिटांत पत्र हातात ठेवा, लॅपटॉप काढून घ्या आणि सिक्युरिटी गार्ड सोबत देऊन गेटबाहेर सोडा. जागेवरचा डबा आणि हेल्मेट कोणीतरी खाली आणून देईल. मला हे मत मान्य नाही. त्यात निष्ठुरपणा आहेच, पण माझा मुख्य आक्षेप त्याहून मूलभूत आहे. ज्या सुरक्षिततेच्या नावाने हे सगळे केले जाते, ती सुरक्षितता या पद्धतीने मिळत नाही.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. हिशेबनीस रागावला तर तो घोटाळा करायला वेळ घेतो आणि मागे कागद राहतात. ज्याच्या हाती सर्व्हरचा सर्वाधिकार आहे, त्याला एक ओळ टाइप करणे पुरते. नोकरी गेल्याचे कळल्यावरचा पहिला तास सर्वांत धोक्याचा, म्हणून त्या तासात त्याचे बोट कळफलकावर पडता कामा नये. याला दाखलाही आहे. २४ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेतल्या फॅनी मे या गृहकर्ज संस्थेच्या मेरीलँडमधल्या केंद्रात एका कंत्राटी अभियंत्याला काम संपल्याचे सांगितले गेले. त्याचा ॲक्सेस मात्र रात्रीपर्यंत चालूच राहिला. तेवढ्या वेळात त्याने एका रोजच्या स्क्रिप्टच्या तळाशी असा कोड दडवला की ३१ जानेवारी २००९ ला संस्थेच्या हजारो सर्व्हरवरचा डेटा पुसला जावा. काही दिवसांनी दुसऱ्या एका अभियंत्याच्या नजरेस तो योगायोगाने पडला, म्हणून अनर्थ टळला. पुढे त्या माणसाला ४१ महिन्यांची कैद झाली. प्रतिपक्षाकडे याहून भक्कम उदाहरण असेल असे मला वाटत नाही.

यातले जे खरे आहे ते मी विनाअट मान्य करतो. निर्णय सांगितला जात असतानाच ॲक्सेस बंद झाला पाहिजे. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. वाद त्यापुढे सुरू होतो. एवढे केले आणि गार्ड सोबत दिला की कंपनी सुरक्षित झाली, असे जे गृहीत धरले जाते त्याला माझा विरोध आहे.

न्यायशास्त्रात लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांत अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन प्रमुख. ज्याला लागू पडायला हवे त्याला न लागणे ही अव्याप्ती, आणि ज्याला लागू नये त्याला लागणे ही अतिव्याप्ती. ‘अचानक काढणे म्हणजे सुरक्षित काढणे’ या व्याख्येत दोन्ही दोष आहेत.

अव्याप्ती आधी पाहू. न्यू जर्सीतल्या ओमेगा इंजिनिअरिंग कंपनीने आपल्या नेटवर्क प्रशासकाला १० जुलै १९९६ रोजी काढून टाकले. तीन आठवड्यांनी, ३१ जुलैच्या सकाळी एका कर्मचाऱ्याने नेहमीसारखे लॉगिन केले आणि कारखाना ज्या प्रोग्रॅमवर चालत होता ते सगळे सर्व्हरवरून पुसले गेले. सहा ओळींचा तो कोड काढण्याच्या दिवसाआधीच पेरून झाला होता. बॅकअपची टेप शोधली तर तीही सापडेना, कारण ती सांभाळण्याचे काम त्याच माणसाकडे होते. नुकसान एक कोटी डॉलरच्या वर गेले. १० जुलैला दाराशी दहा गार्ड उभे केले असते तरी यात काय फरक पडला असता? ज्याला घात करायचा आहे तो निरोपाच्या दिवसाची वाट पाहत नाही. आपले दिवस भरत आल्याचे त्याला एचआरच्या आधी कळलेले असते.

ऑस्ट्रेलियातल्या मरुची शायर इथली गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या सांडपाणी केंद्रांची नियंत्रणयंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतला एक अभियंता १९९९ च्या अखेरीस नोकरी सोडून गेला. स्थानिक कौन्सिलकडे त्याने काम मागितले, ते मिळाले नाही. २००० च्या फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ संच घेऊन तो त्या भागात फिरला आणि पंपांना बाहेरून हुकूम सोडत राहिला. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात शिरले. त्याला कोणत्या गेटवर अडवणार होतो आपण?

सिंगापूरचा खटला तर कालपरवाचा. एनसीएस कंपनीतून काढलेल्या एका भारतीय अभियंत्याचा शेवटचा दिवस नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. जानेवारीत तो भारतातून त्याच जुन्या ॲडमिन लॉगिनने आत शिरत होता आणि मार्च २०२३ मध्ये त्याने चाचणीसाठीचे १८० आभासी सर्व्हर पुसले. नऊ लाख सिंगापूर डॉलरहून अधिक नुकसान आणि त्याला दोन वर्षे आठ महिने कैद. माणूस रीतसर बाहेर गेला होता. पण ॲडमिनचा पासवर्ड चार महिने कोणी बदललाच नाही.

आता अतिव्याप्ती. आपल्या आयटी कंपन्यांत नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो. राजीनामा देणारा ॲडमिन हे नव्वद दिवस बहुतेक वेळा पूर्ण अधिकारांसह बसलेला असतो. त्याच्या शेजारच्याला कंपनी स्वतः काढते तेव्हा मात्र तो दहा मिनिटांत संशयित ठरतो. दोघांचे ज्ञान सारखे, अधिकार सारखे. राजीनामा देणारा खूश होऊनच जातो असे कोणी सांगितले? सिस्कोमधून एप्रिल २०१८ मध्ये स्वतःहून राजीनामा दिलेल्या एका अभियंत्याने पाच महिन्यांनी कंपनीची ४५६ आभासी यंत्रे पुसली, आणि वेबेक्स टीम्सची सोळा हजारांवर खाती बंद पडली. काहींची तर दोन आठवड्यांपर्यंत. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातले सर्ट केंद्र यांनी आतल्या माणसांनी केलेल्या ४९ घातपातांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. त्यात ५९ टक्के आरोपी माजी कर्मचारी होते, पण त्या माजींपैकी ३८ टक्के राजीनामा देऊन गेलेले होते. काढून टाकलेले ४८ टक्के. म्हणजे आपली सारी खबरदारी निम्म्या धोक्यासाठी, आणि उरलेल्याला केक कापून निरोप. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ९२ टक्के प्रकरणांत कामाच्या ठिकाणी घडलेल्या एखाद्या कटू प्रसंगाने ठिणगी टाकली होती. तो प्रसंग कसा घडतो हे बऱ्याच अंशी कंपनीच्या हातात असते.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २००८ साली हा धडा जगासमोर गिरवला. शहराच्या फायबरवॅन या नेटवर्कवरून महापालिकेचा निम्म्याहून अधिक डेटा जात होता. ते उभारणारा आणि चालवणारा अभियंता टेरी चाइल्ड्स. पासवर्ड फक्त त्याच्याकडे. उपकरणे त्याने अशी रचली होती की बाहेरच्याने पासवर्ड नव्याने बसवायचा प्रयत्न केला तर सगळी रचनाच उडून जावी. वरिष्ठांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. नेटवर्क उत्तम चालत होते, म्हणून कोणी खोलात गेले नाही. ९ जुलैला त्याला एका बैठकीला बोलावले. आत गेल्यावर समोर वरिष्ठ, एचआरचा माणूस आणि पोलीस अधिकारी, आणि स्पीकरफोनवर आणखी काही जण. तुझी बदली होते आहे, पासवर्ड दे. त्याने चुकीचे पासवर्ड दिले. काही दिवसांत अटक झाली, जामिनाची रक्कम पन्नास लाख डॉलर ठरली. तरी पासवर्ड मिळाले नाहीत. अखेर २१ जुलैला महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले आणि चाइल्ड्सने ते त्यांच्या हवाली केले. या साऱ्या काळात नेटवर्क एक क्षणही बंद पडले नव्हते. २०१० मध्ये तो दोषी ठरला, चार वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे सुमारे पंधरा लाख डॉलर भरपाईचा आदेशही निघाला.

त्याची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. पासवर्ड शहराचे होते, ते अडवून धरण्याचा त्याला अधिकार नव्हता आणि ज्यूरीने त्याला दोषी ठरवले ते योग्यच झाले. पण त्या खोलीत काय घडले ते नीट पाहा. आपल्याकडे प्रमाण मानली जाणारी पद्धत तिथे तंतोतंत पाळली गेली: अचानक बोलावणे, पोलिसाची उपस्थिती, जागच्या जागी हवाली कर. आणि शहर बारा दिवस त्याच माणसाच्या मर्जीवर राहिले. एकाच्या हाती सगळ्या किल्ल्या किती वर्षे साठू दिल्या, हा प्रश्न ९ जुलैच्या आधी विचारायला हवा होता. त्या दिवशी विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते.

सगळेच ॲडमिन असे हटवादी असतात असेही नाही. उमेदीची वर्षे मी सर्व्हर रूममध्ये काढली आहेत. रूढ पद्धतीचे नुकसान मी पाहिले ते वेगळ्याच रूपात. भोसरीतला एक मध्यम कारखाना. त्यांनी ॲडमिनला शुक्रवारी संध्याकाळी काढला आणि त्याच मिनिटाला त्याचे खाते बंद केले. टॅली आणि ड्रॉइंगच्या सर्व्हरचा बॅकअप रोज रात्री अकरा वाजता त्याच्याच लॉगिनखाली चालत असे. खाते बंद, म्हणून बॅकअपही बंद. बॅकअप चुकल्याची मेल कोणाला जायची? त्यालाच, आणि ती मेलबॉक्सही बंद केलेली. पुढे पावसाळ्यात एक डिस्क गेली, तेव्हा शेवटचा बॅकअप गुरुवारच्या रात्रीचा निघाला. मालकांचे पहिले वाक्य होते, “त्यानेच काहीतरी करून ठेवलंय.” पोलीस चौकीत जायची तयारी सुरू झाली. सर्व्हरचा लॉग उघडल्यावर दिसले की रोज रात्री अकराला तीच एक ओळ पडली आहे: खाते बंद असल्याने काम सुरू करता आले नाही. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन घातले आहे. इथे ते जपलेले होते, म्हणून एका निरपराध माणसावरचा आळ टळला. तेवढ्यात कंपनीच्या डोमेनची मुदत संपत आली. डोमेन त्याच्या खासगी जीमेलवर घेतलेले, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. त्याने फोन उचलला आणि ओटीपी सांगितला. नसता सांगितला तर कारखान्याची सगळी मेल थांबली असती, आणि ज्याला गार्डबरोबर बाहेर काढले त्याच्याकडे मालकांना कोणत्या तोंडाने जावे लागले असते?

म्हणून माझे मंडन असे: तांत्रिक माणसाला सुरक्षितपणे निरोप देता येण्याची तयारी त्याला कामावर घेतल्या दिवसापासून चालू असते, आणि ती त्याच्याविरुद्ध नसते. रिझर्व्ह बँकेने हे तत्त्व बँकांना घालून दिले आहे. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा किमान दहा कामाचे दिवस सलग सक्तीची रजा, तीही आधी न सांगता, असा नियम तिने जुलै २०२१ मध्ये अधिक काटेकोर केला. त्या काळात कार्यालयीन मेल वगळता कोणत्याही यंत्रणेत त्याला प्रवेश नाही. नियमाचा हेतू गैरव्यवहार उघडा पडावा हा आहे. तांत्रिक विभागाला त्याचा आणखी एक उपयोग होतो: माणूस दहा दिवस नसताना काय अडते, याची यादी आपोआप तयार होते. जे अडले ते त्याच्या एकट्याच्या हातात होते. ती यादी वर्षभरात संपवायची. डोमेन कंपनीच्या मेलवर, ओटीपी कंपनीच्या सिमवर, बॅकअप व्यक्तीच्या नव्हे तर कामासाठीच्या स्वतंत्र खात्यावर, क्लाउडच्या मूळ खात्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत. यात अविश्वासाचा प्रश्न येत नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात म्हणून कॅशिअर स्वतःला चोर समजत नाही.

आमची कंपनी लहान, दुसरा ॲडमिन परवडत नाही, असे पुष्कळ मालक सांगतात. दुसऱ्या ॲडमिनची गरज नाही, दुसऱ्या किल्लीची आहे. ती ठेवायला पगार लागत नाही. बाहेरच्या एखाद्या व्हेंडरला वर्षातून एकदा बोलावून बॅकअपमधून एक फाइल परत आणून दाखवायला सांगा. एवढ्यानेसुद्धा बरेच काही उघड होते.

ही तयारी असेल तर प्रत्यक्ष दिवस साधा होतो. निर्णय त्याच्या थेट वरिष्ठाने सांगावा, सोबत एचआरचा एक माणूस असावा. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी. म्हणजे शंका विचारायला, पीएफ-ग्रॅच्युइटीची चौकशी करायला पुढे कामाचे दिवस असतात. शुक्रवारी संध्याकाळी ऐकलेली बातमी माणूस दोन दिवस एकटा चघळत बसतो. बोलणे थोडके आणि स्पष्ट असावे; निर्णय झालेला आहे हे आडवळणाने सांगू नये आणि जुनी उणीदुणी काढू नयेत. खोलीत हे चालू असताना दुसरा अधिकारी यादी हातात घेऊन खाती बंद करतो. बंद करतो, पुसत नाही. कारण त्या खात्यावर काय काय टेकलेले आहे ते पुढच्या आठवड्यात कळते. सामायिक पासवर्ड, व्हीपीएन, एसएसएच किल्ल्या, एपीआय टोकन त्याच दिवशी बदलायचे. सिंगापूरमध्ये राहून गेले ते नेमके हेच काम. तलाठ्याची बदली झाली की दप्तराची यादी होते, देणारा आणि घेणारा दोघेही सह्या करतात आणि चार्ज दिल्याची नोंद होते. ॲडमिनच्या बाबतीतही हीच यादी दोन सह्यांसह करावी आणि एक प्रत त्याला द्यावी. उद्या काही बिघडले तर ‘त्या तारखेनंतर माझ्याकडे काही नव्हते’ हे सांगायला त्याच्या हातात कागद राहतो. अनुभवी ॲडमिन ही यादी स्वतःहून मागतात. ॲक्सेस काढून घेतल्याने कोणाचा अपमान होत नसतो. सगळ्यांसमोर आपले लॉगिन चालत नाही हे कळण्याने होतो.

पैशांच्या बाबतीत तर कायदाच बोलतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार कामावरून काढलेल्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. फुल अँड फायनल महिनोन्‌महिने लटकवणे आणि रिलीव्हिंग लेटर ओलीस ठेवणे ही आपल्याकडची वाईट खोड आहे. ज्याच्याकडून आपल्याला अजून पंधरा गोष्टी विचारायच्या आहेत, त्याचाच कागद अडवायचा, यात शहाणपण कोणते? त्यापेक्षा एक-दोन महिने सल्ल्याचे पैसे देऊन फोनवर मदत घ्यायची सोय पत्रातच लिहून टाकावी.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना. आयटी ॲक्टच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढा धाक पुरे. धाक हवा, पण त्याचा वेग पाहा. ओमेगाचे सर्व्हर १९९६ मध्ये पुसले गेले, शिक्षा २००२ मध्ये सुनावली गेली. सहा वर्षांनी सुनावलेल्या शिक्षेने एकही प्रोग्रॅम परत आला नाही. शिवाय हल्ली धाक दोन्ही बाजूंनी चालतो. २०१७ मध्ये, पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रातल्या एका कर्मचाऱ्याला उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, असे एचआरने फोनवर सांगितले. ते संभाषण ध्वनिमुद्रित होऊन देशभर ऐकले गेले, आणि खुद्द आनंद महिंद्रांना जाहीर माफी मागावी लागली. कोणताही सर्व्हर पडला नव्हता, तरी कंपनीची हानी झालीच.

एक अपवाद मी ठेवतो. चोरी किंवा घातपाताची चौकशी चालू असेल, किंवा माणसाने उघड धमकी दिली असेल, तर अचानक आणि पूर्ण बंदोबस्ताने काढणेच योग्य. तिथे माझा प्रतिपक्षाशी वाद नाही. पण दहांत नऊ वेळा कारण असते खर्चकपात, बदललेले तंत्रज्ञान किंवा न जमलेले काम. या माणसांना आरोपीच्या वाटेने बाहेर काढण्याचे समर्थन कोणत्याही सुरक्षाशास्त्रात मला सापडलेले नाही. आणि मागे राहिलेले सहकारी हे सगळे काचेतून पाहत असतात. त्यातला हुशार माणूस त्याच रात्री आपला बायोडेटा अद्ययावत करतो.

मालकांना आणि व्यवस्थापकांना माझी विनंती आहे. आपल्या सिस्टिम ॲडमिनला या तिमाहीत दहा दिवसांची पगारी रजा द्या आणि त्या दहा दिवसांत त्याला एकही फोन करू नका. फोन करावाच लागला, तर कशासाठी करावा लागला ते लिहून ठेवा. ती यादी कोरी होत नाही तोवर त्याला काढण्याचे पत्र टाइप करायला घेऊ नका.